पन्ना : राज्य आणि रान

महाराष्ट्रात सुशिक्षित कुटुंबात बुंदेलखंडाचे नाव निघाले, की छत्रसालाच्या दोह्याचा उल्लेख निघाल्यावाचून राहत नाही. ऐंशीच्या घरातील राजा शत्रूच्या कचाट्यात सापडला आहे आणि ग्राहाने पाय धरलेल्या गजेंद्राची उपमा स्वतःस देऊन तो बाजीरावास हाक घालीत आहे, असा त्या दोह्याचा आशय आहे. तो छत्रसालाने स्वतः रचिला की मागाहून कोणी त्याच्या तोंडी घातला, याविषयी जाणत्यांत एकमत नाही. लोकांनी मात्र तो आपला म्हटला आहे. आमच्या पूर्वजांनी संकटातील एका राजपूत राजास सोडविले, ही गोष्ट आम्हांस गोड वाटते, आणि गोड वाटावी अशीच ती आहे. परंतु अशा गोष्टीचा एक दोष असतो. ती जेथे संपते तेथेच आपणही थांबतो. गजेंद्राचे पुढे काय झाले हे पुराणकार सांगतात. छत्रसालाच्या राज्याचे पुढे काय झाले हे आम्ही क्वचितच विचारतो. आणि ज्या प्रदेशात खरोखरीचे रानहत्ती व खरोखरीच्या मगरी होत्या, त्या प्रदेशाच्या रानाचे काय झाले, हा प्रश्न तर आमच्या मनातही येत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांपासून फार दूर नाहीत, असे आम्हांस वाटते. म्हणून ती येथे एकत्र मांडीत आहो.

प्रथम भूमीविषयी दोन शब्द. विंध्याचे पठार पन्न्याच्या बाजूस पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. सर्वांत वर तालगावचे पठार, त्याखाली हिनौत्याचे, आणि सर्वांत खाली केन नदीचे खोरे. केन उत्तरेकडे वाहत जाऊन यमुनेस मिळते; वाटेत तिने खडक कापून खोल दऱ्या केल्या आहेत, आणि त्या दऱ्यांच्या उभ्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. माती पातळ, खाली दगड. पाऊस चार महिन्यांत पडून वाहून जातो आणि उन्हाळ्यात गवत वाळून रान पिवळे पडते. साग, खैर, तेंदू, मोह, आवळा आणि बांबू ही येथील झाडी. सागवानाची नैसर्गिक वाढ उत्तरेकडे येथवर येऊन जवळजवळ थांबते. अशी भूमी शेतकऱ्यास कंजूष, पण लपून लढणाऱ्यास उदार. तिच्या पोटात हिरे आहेत, हे सर्वश्रुत आहे. परंतु एके काळी हिऱ्यांइतकीच तिची ख्याती दुसऱ्या एका संपत्तीकरिता होती, आणि ती संपत्ती म्हणजे हत्ती. अकबराचा मंत्री अबुल फजल याने ‘आइन-इ-अकबरी’त रानहत्ती सापडण्याची ठिकाणे दिली आहेत, आणि त्यांत पन्न्याचा हत्ती सर्वांत उत्तम असे म्हटले आहे. आज त्या रानात एकही रानहत्ती नाही. हत्तींचे कळप तेथे होते ही गोष्टच आता ग्रंथात शोधावी लागते.

या डोंगराळ मुलखात बुंदेल्यांचे राज्य उभे राहिले. बुंदेले हे आपणांस गाहडवाल कुळातील राजपूत म्हणवितात. त्यांची जुनी राजधानी ओरछा. परंतु पन्न्याची शाखा वाढली ती चंपतराय व त्याचा पुत्र छत्रसाल या दोघांच्या पराक्रमाने. चंपतरायाने मोगलांशी कधी चाकरी, कधी बंडावा असे करीत आयुष्य घालविले आणि १६६१ साली त्याचा अंत झाला. छत्रसालाचा जन्म १६४९ चा, म्हणजे बाप गेला त्या वेळी तो अवघा बारा वर्षांचा होता. पुढे तो मिर्झा राजे जयसिंगाच्या फौजेबरोबर दक्षिणेत आला आणि तेथे त्याने शिवाजी महाराजांची भेट घेतली. ‘आम्हांस चाकरीस ठेवावे’ अशी त्याची इच्छा होती; महाराजांनी त्यास ठेवून न घेता, स्वदेशी जाऊन स्वतःचे राज्य स्वतः उभारावे असा उपदेश केला, असे त्याच्या पदरचा कवी लाल याच्या ‘छत्रप्रकाश’ ग्रंथावरून दिसते. आमच्या मते बुंदेलखंडास महाराष्ट्राने जे काही दिले त्यांत सर्वांत मोलाची देणगी ही. तीत फौज नव्हती, पैका नव्हता, आणि मोबदल्याची अपेक्षाही नव्हती.

१६७१ च्या सुमारास छत्रसालाने उठाव केला. आरंभी त्याजजवळ पाच स्वार व पंचवीस प्यादे होते, असे परंपरा सांगते. आकडा काव्यातला म्हणून सोडून दिला, तरी एवढे खरे की इतक्या थोड्या माणसांनिशी मोगल बादशाहीशी झगडणे मोकळ्या मैदानात शक्य नव्हते. पन्न्याच्या रानाने ते शक्य केले. तोफा घाटात अडत, घोडदळास दऱ्यांतून वाट सापडत नसे, आणि उन्हाळ्यात पाणी कोठे आहे हे स्थानिक माणसासच ठाऊक असे. आमच्या सह्याद्रीने मावळ्यांस जे दिले, तेच विंध्याच्या या पायऱ्यांनी बुंदेल्यांस दिले. प्रणामी संप्रदायाचे प्राणनाथ हे छत्रसालाचे गुरू. पन्न्याच्या भूमीत हिरे निघतील हा त्यांचाच आशीर्वाद, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे, आणि त्यांचे मंदिर आजही पन्न्यात पंथाचे मुख्य तीर्थ मानले जाते.

आता जैतपूरचा प्रसंग. अलाहाबादचा सुभेदार महंमदखान बंगश याने १७२७ पासून बुंदेलखंडावर मोहीम चालविली. पुढील वर्षी जैतपूरचा किल्ला त्याने घेतला, आणि वृद्ध छत्रसालास त्याच्या छावणीत जाऊन राहणे भाग पडले. त्या वेळी बाजीराव देवगडच्या बाजूस होता. हाक पोहोचताच तो वळला आणि १७२९ च्या मार्च महिन्यात महोब्याजवळ दाखल झाला. तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस. आता बंगशच जैतपुरात कोंडला गेला. त्याचा पुत्र काइमखान कुमक घेऊन येत होता. त्यास मराठ्यांनी वाटेतच मोडून काढले. किल्ल्यात अन्न इतके दुर्मीळ झाले की वेढ्यातील लोकांवर जनावरे मारून खाण्याची पाळी आली. पावसाळा तोंडाशी आल्याने बाजीराव परतला. बुंदेल्यांनी वेढा तसाच चालविला, आणि पुन्हा बुंदेलखंडावर येणार नाही असे लिहून देऊन ऑगस्टात बंगश निघून गेला. ग्राहाने पाय सोडला.

छत्रसाल १७३१ साली वारला. तत्पूर्वी त्याने बाजीरावास तिसरा पुत्र मानून राज्याच्या वाटणीत सामील केले होते. थोरला हिरदेशाह पन्न्यास, जगतराज जैतपुरास, आणि सागर, काल्पी, हटा इत्यादी मुलूख पेशव्यांच्या वाट्यास. मस्तानी हीही त्याच स्नेहाच्या खुणेने पुण्यास आली, असे मानतात. आमच्या नाटक-कादंबऱ्यांचा पडदा बहुधा येथे किंवा शनिवारवाड्यात पडतो. बुंदेलखंडाची गोष्ट मात्र पुढे चालूच होती.

ती पुढील गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे. वाटणीचा मुलूख सांभाळण्यास पेशव्यांनी गोविंदपंत खेर यांस नेमिले. बुंदेलखंडाचे नावच त्यांस चिकटले आणि ते गोविंदपंत बुंदेले झाले. पंत कर्तबगार होते; १७६० च्या डिसेंबरात, पानिपतच्या मोहिमेत शत्रूची रसद तोडीत असता ते मारले गेले. परंतु रसद म्हणजे धान्य आणि पैसा, आणि तो कोठून तरी यावयाचा असतो. हिंदुस्थानातील मराठी फौजांचा खर्च वाढत गेला तसतसा बुंदेलखंडाचा मराठा हा सोडविणाऱ्याचा वसुली करणारा होत गेला. इकडे बुंदेल्यांतही भाऊबंदकी माजली. हिरदेशाहाच्या नातवांपैकी हिंदुपताने आपला भाऊ अमानसिंह यास मारून पन्न्याची गादी घेतली, आणि त्याच्यामागून वारसांत व कारभाऱ्यांत लढाया जुंपल्या. घर असे फुटलेले असता बाहेरचा आला नाही तरच नवल.

आणि बाहेरून आला तो कोण? अलीबहादूर. हा बाजीराव व मस्तानी यांचा नातू. पानिपतानंतर जखमांनी मेलेल्या समशेरबहादुराचा पुत्र. हिंमतबहादूर गोसाव्यास बरोबर घेऊन तो १७९० नंतर बुंदेलखंडात उतरला आणि एकामागून एक राजे त्याने नमविले. मस्तानी छत्रसालाची कन्या होती ही समजूत खरी धरली, तर छत्रसालाचाच वंशज छत्रसालाच्या वंशजांवर चालून आला होता. कालिंजरचा किल्ला मात्र त्यास घेता आला नाही. वेढा चालू असतानाच १८०२ साली तो मेला. पुढील वर्षी वसईच्या तहास जोडून झालेल्या कराराने पेशव्यांचा बुंदेलखंडातील मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि १८०७ साली पन्न्याच्या राजा किशोरसिंहास गादीची सनद मिळाली ती कंपनी सरकारकडून. १८५७ साली झाशीची राणी आणि बांद्याचा नबाब दुसरा अलीबहादूर इंग्रजांशी लढत होते, तेव्हा पन्न्याचा राजा इंग्रजांच्या बाजूस होता. त्यास दोष देणे सोपे आहे. परंतु पन्न्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास, मागील साठ-सत्तर वर्षांत त्याच्या घरावर कोण चालून आले होते आणि त्यास सनद कोणी दिली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

सनदेने पन्ना हे संस्थान झाले. लढाया थांबल्या. रानाचा उपयोग आता लपण्याकरिता उरला नाही. तो शिकारीकरिता झाला. पन्ना, छतरपूर व बिजावर या तिन्ही संस्थानांची मृगयेची राखीव राने केनच्या दोन्ही बाजूंस होती. त्यांत राजास वाघ मारण्याची मुभा आणि इतरांस कुऱ्हाड घालण्याचीही मनाई. यास संरक्षण म्हणावे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, परिणामाने ते संरक्षण होते, हेतूने नव्हे. राजास आपल्या पाहुण्यांकरिता वाघ हवा होता, म्हणून वाघाकरिता सांबर आणि सांबराकरिता रान राहिले. ज्या गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या रानातील मोहफुले वेचून दिवस काढले, त्यांस मात्र हे रान परके झाले. हा भाग नंतरच्या काळातही बदलला नाही. पुढे तो पुन्हा येईल.

१९४८ साली संस्थान विंध्य प्रदेशात विलीन झाले आणि १९५६ साली विंध्य प्रदेश मध्य प्रदेशात. राजाचा धाक गेला, कायद्याचा अजून बसला नव्हता. मधल्या काळात बंदुकीने देशभर जो संहार केला तो सर्वांस ठाऊक आहे. १९७२ साली वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. १९७५ साली गंगऊचे अभयारण्य, १९८१ साली पन्ना राष्ट्रीय उद्यान आणि १९९४ साली व्याघ्र प्रकल्प, अशा क्रमाने जुन्या मृगयाभूमीस सरकारी कवच मिळाले. केन नदीत लांब, निमुळत्या मुस्कटाची सुसर, जिला तिकडे घड्याल म्हणतात, तिच्याकरिता १९८५ साली वेगळे अभयारण्य झाले. वाघ, बिबळ्या, अस्वल, सांबर, चितळ, चिंकारा आणि चार शिंगांचा चौशिंगा, एवढी संपत्ती कागदोपत्री सुरक्षित झाली.

कागदोपत्री हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. १९९६ पासून रघु चुंडावत हे अभ्यासक पन्न्याच्या वाघांच्या गळ्यात बिनतारी संदेश देणारे पट्टे घालून त्यांच्या हालचाली टिपीत होते. वाघ कमी होत आहेत, चोरटी शिकार चालू आहे, अशी सूचना त्यांनी वेळीच दिली. ती ऐकण्याऐवजी वाघ पुरेसे आहेत असे सांगण्यात येत राहिले. जैतपुरात वेढ्यातील माणसे निदान हाक तरी घालू शकत होती. वाघास तेही साधन नाही. त्याच्या वतीने जो बोलला त्याच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. २००९ साली शोध घेतला तेव्हा पन्न्याच्या व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नव्हता. चारशे वर्षांत हत्ती गेले होते. वाघ जाण्यास प्रकल्प स्थापन झाल्यापासून पंधरा वर्षे पुरली.

त्यानंतर जे घडले ते मात्र वाचण्यासारखे आहे. २००९ च्या मार्चमध्ये बांधवगडाहून एक आणि कान्हाहून एक अशा दोन वाघिणी पन्न्यास आणल्या. त्यांपैकी कान्हाची वायुदलाच्या हेलिकॉप्टरने आली. नोव्हेंबरात पेंचहून एक वाघ आणला. त्यास नवे रान रुचले नाही. थोड्याच दिवसांत तो दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या जन्मभूमीच्या दिशेने चालू लागला. शेते, रस्ते, नद्या ओलांडीत तो महिनाभर चालत होता, आणि वनखात्याची माणसे व हत्ती त्याच्या मागे होते. त्या पशूस पेंचची दिशा कोणी सांगितली, हे कोडेच आहे. अखेर दमोह जिल्ह्यात त्यास बेशुद्ध करून पन्न्यास परत आणिले आणि वाघिणीच्या मूत्राचे शिंपण झाडांवर करून त्यास तिच्या मागावर लाविले. २०१० च्या १६ एप्रिलला बांधवगडच्या वाघिणीस पिले झाली. पन्न्यातील लोक त्या दिवशी पहिल्या पिलाचा वाढदिवस साजरा करीत आले आहेत. पुढे कान्हाहून माणसांच्या हातांवर वाढलेल्या दोन पोरक्या वाघिणीही आणून रानात सोडल्या, आणि त्यांनीही शिकार करून रान आपलेसे केले. २०२२ च्या गणनेत पन्न्याच्या वाघांची संख्या पन्नासांच्या वर गेली आहे. बाहेरून आलेल्यांनी बुडालेले घर पुन्हा उभे करावे, हे या भूमीच्या नशिबी दुसऱ्यांदा आले.

येथेच आमचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. सुटका झाली, पुढे काय? वाघांकरिता रानातील गावे उठविली गेली, आणि उठलेल्यांत पुष्कळसे गोंड आहेत. संस्थानी काळात ज्यांस रान परके झाले, त्यांचीच ही नातवंडे-पतवंडे. वाघ वाचविण्यासाठी त्यांनी जे दिले त्याची किंमत मोजली गेली असे म्हणावयास आमचे मन धजत नाही. याशिवाय केनचे जादा पाणी बेतवा नदीत नेण्याकरिता दौधन येथे ७७ मीटर उंचीचे धरण योजिले असून, २०२४ च्या २५ डिसेंबरास पंतप्रधानांनी त्याची कोनशिला बसविली. या धरणाच्या जलाशयाखाली व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याचे चार हजार हेक्टरांहून अधिक रान जाणार आहे. बुंदेलखंडास पाण्याची गरज नाही, असे कोणी म्हणणार नाही. तेथील शेतकऱ्याने अवर्षणात जे सोसले आहे ते पाहता, धरणाचे समर्थन करणाऱ्यास निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जे रान एकदा हातचे गेले आणि महत्प्रयासाने परत मिळविले, त्याचाच गाभा पाण्याखाली घालावा लागावा, आणि त्यासाठी पुन्हा काही गावांनी उठावे, यास आम्ही सहज संमती देऊ शकत नाही. सागर-काल्पीची वसुली करणाऱ्या आमच्या पूर्वजांनाही आपला खर्च अत्यावश्यकच वाटत होता.

तात्पर्य, संकटात धावून जाणे हे शौर्य आहे आणि त्याचे पोवाडे होतात. संकट टळल्यावर त्याच घरी नीट वागणे हे त्याहून कठीण, आणि त्याचे पोवाडे होत नाहीत. जैतपूरचा विजय पाच-सहा महिन्यांत मिळाला. तो सांभाळावयाचा होता सत्तर वर्षे, आणि तेथे आम्ही उणे पडलो. वाघांची पुनःस्थापना एका वर्षात फळास आली. तिची कसोटी आता पुढील कित्येक वर्षे लागणार आहे.

आमचे पुष्कळ वाचक खजुराहोची लेणीतुल्य देवळे पाहण्यास जातात आणि तेथूनच परततात. त्यांनी सुमारे पंचवीस किलोमीटर पुढे जाऊन मडला येथे केनचा पूल ओलांडावा, अशी आमची सूचना आहे. दऱ्यांत गिधाडे दिसतील. गुरांना दिल्या जाणाऱ्या एका औषधाने देशभरातील त्यांची जात संपत आली असता येथे त्यांच्या सात जाती टिकून आहेत. वाळूवर ऊन खात पडलेली मगर किंवा घड्यालही नशीब असेल तर दिसेल. हत्ती दिसले तर ते वनखात्याचे, गस्तीचे, माणसाळलेले. त्यांत वत्सला नावाची फार वृद्ध हत्तीण कित्येक वर्षे होती. प्रकल्पात जन्मलेल्या लहान हत्तींची ती आजीबाई. २०२५ च्या जुलैत ती वारली. ती मूळची केरळातली. ज्या पन्न्याचा हत्ती अकबराच्या दरबारी सर्वांत उत्तम गणला जाई, त्या पन्न्यास हत्ती आता केरळाहून आणावा लागला होता. दोह्यातला ग्राह केनमध्ये अजून आहे. गजेंद्राची वेळ मात्र निघून गेली; त्याची हाक ऐकण्यास त्या वेळी कोणी नव्हते.